टेक्निकल बॅकग्राउंड हवंच

एका लेखात म्हटलंय की ई-डिस्कव्हरी, म्हणजे खटल्यासाठी ईमेल, फायली असा डिजिटल पुरावा शोधून सादर करण्याचं काम, बघणाऱ्या वकिलाला टेक्निकल बॅकग्राउंड असेल तर चांगलंच, मी तर म्हणेन असायलाच हवं. मी अशा केसेसच्या डेटावर काम करते, एकदा एका हुशार वकिलांनी क्लायंटच्या फायली नीट लावायच्या म्हणून एकेक उघडून सेव्ह केली, झालं, सगळ्यांवर त्याच दिवसाची मॉडिफाइड तारीख पडली आणि भांडण नेमकं कुठला ड्राफ्ट आधीचा यावरच होतं! आधी फॉरेन्सिक कॉपी (मूळ डेटाची जशीच्या तशी प्रत) काढून हॅश व्हॅल्यू (डेटात बदल झाला की बदलणारा, त्याच्या बोटाच्या ठशासारखा कोड) नोंदवली असती तर मूळ डेटाला धक्का लागला नसता.

अमेरिकेत २०१२ मध्ये दा सिल्वा मूर केसमध्ये न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी कॉम्प्युटरच्या मदतीने कागदपत्रं चाळायला मान्यता दिली, पण सॉफ्टवेअरला शिकवायला नमुने कुठले दिले, त्यातून काय सुटलं हे समोरच्या पार्टीला विचारायचं तर आधी आपल्याला कळायला नको का? आणि ते ऑटो-डिलीट, म्हणजे जुने ईमेल आपोआप पुसणारं सेटिंग, त्याचा तर फार धाक वाटतो मला. केस होणार अशी चाहूल लागली की पहिला फोन आयटीवाल्यांना जायला हवा, ते सेटिंग बंद करा म्हणून, नाहीतर वकील ‘डेटा जपून ठेवा’ अशा नोटिशीचा मसुदा घासत बसतात आणि तिकडे रोज रात्री जुने ईमेल उडत राहतात.