‘मालदांडीला कुणा शास्त्रज्ञाचा हात लागलेला नाही’: एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात मामांनी घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. संध्याकाळपर्यंत तोच मजकूर आणखी दोन ग्रुपवर येऊन पडला. थोडक्यात तो असा: ‘कृषी विद्यापीठांनी फक्त दाणा बघितला. बुटकी हायब्रीड आणून कडबा मारला. त्या ज्वारीची वैरण विषारी, जनावरं दगावतात. दाणा वाढला की कडब्याचा कस जातो, हे साधं गणित शास्त्रज्ञांना कळलं नाही. म्हणून ज्वारी संपली. आता उपाय एकच, कुणा शास्त्रज्ञाचा हात न लागलेली गावरान मालदांडी आणि घरचं बियाणं.’ खाली जोडलेल्या हातांची आणि बैलांची रांग.

मामांना ग्रुपवर उलट उत्तर द्यायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे लिहितो. यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, आणि बाकीची त्याच्या आधाराने उभी आहेत.

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच खुपलं. मालदांडीला शास्त्रज्ञाचा हात लागलेला नाही? सोलापूर-मंगळवेढा भागात रब्बीच्या ज्या ज्वारीला आपण मालदांडी म्हणतो, तिचं बियाण्याच्या पिशवीवरचं नाव ‘मालदांडी 35-1’ असतं. हा 35-1 आला कुठून? 1930 च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीच्या मिश्र पिकातून निवड करून हा वाण वेगळा काढला गेला. निवड म्हणजे काय, तर शेतकऱ्यांच्या रानातून कणसं आणायची, एकेका कणसाचं बी वेगळ्या ओळीत पेरायचं, ताणात कोणती ओळ तग धरते, कोणती लोळते, कोणाचा दाणा मोत्यासारखा आणि कोणाचं धाट गोड, हे हंगामामागून हंगाम पाहायचं आणि बाकीच्या ओळी टाकून द्यायच्या. कोरडवाहू शेतीवरचं काम त्याच्या थोडं आधी, 1923 मध्ये, पुण्याजवळ मांजरीला सुरू झालं होतं आणि 1933 मध्ये सोलापूरला खास केंद्र निघालं. म्हणजे या काळ्या रानातल्या ज्वारीवर संशोधकांची नजर शंभर वर्षं आहे.

मूळ मालदांडी अर्थातच शेतकऱ्यांची. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच ती जपली, आणि 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच वारशावर. पण शेतकऱ्याचा वारसा एका बाजूला आणि संशोधन दुसऱ्या बाजूला अशी जी वाटणी त्या मजकुरात केली आहे, ती मालदांडीच्या बाबतीत तरी टिकत नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने उदाहरण म्हणून नेमका सरकारी केंद्रातून निघालेला वाण निवडला, ही त्यातली गंमत.

आता अर्धं खरं असलेलं वाक्य: बुटक्या हायब्रीडने कडबा मारला.

1964 मध्ये ‘सीएसएच 1’ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. त्याची मादी अमेरिकेतल्या बुटक्या ज्वारीतली होती. दाणा भरपूर, पीक लवकर येणारं, उंची मात्र कमी. ज्यांच्या गोठ्यात बैलजोडी आणि दोन म्हशी, त्यांना ही उंची परवडणारी नव्हती. शिवाय आपल्या खरिपातल्या जुन्या उंच जाती दिवस लहान होऊ लागले की निसवायच्या (कणीस बाहेर टाकायच्या), म्हणजे दाणा भरेपर्यंत पाऊस सरलेला असायचा. हायब्रीड लवकर पक्व व्हायचं आणि कणसं परतीच्या पावसात सापडून काळी पडायची. ‘हायब्रीडची भाकरी’ हा शब्द आमच्याकडे अजूनही कौतुकाने कुणी वापरत नाही, त्याचं कारण हेच. खरिपाच्या त्या पहिल्या फेरीत दाण्याच्या टनांपुढे वैरणीला कमी लेखलं गेलं, हे मान्य. त्या काळी देशाला धान्य बाहेरून आणावं लागत होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो (तिकडची ज्वारी) ज्यांनी खाल्ला, त्यांना ते सांगावं लागणार नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढचे सीएसएच 5 आणि सीएसएच 9 हे संकर पहिल्यापेक्षा उंच होते, कारण शेतकऱ्यांनी बुटक्या धाटाकडे पाठ फिरवल्याचं पैदासकारांना दिसलं होतं. आणि रब्बीत हायब्रीडने कडबा मारला हे तर सरळ चूक आहे, कारण रब्बीत हायब्रीड कधी नीट रुजलंच नाही. रब्बीसाठी संकर काढले गेले, पण खोडमाशी, थंडी आणि भाकरीच्या चवीपुढे त्यांचं फारसं चाललं नाही. सोलापूर, नगर, बीड, धाराशिवच्या रानात पेरले जातात ते मालदांडी आणि तिच्यानंतर आलेले सरळ, म्हणजे संकर नसलेले, वाण. राहुरीच्या विद्यापीठाने तर जमिनीच्या खोलीनुसार वाण दिले: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा फुले चित्रा, भारी काळ्या रानाला फुले वसुधा, बागायती रानाला फुले रेवती. परभणीची परभणी मोती आहेच. यातला एकही वाण कमरेएवढा बुटका नाही. फुले अनुराधा 105 ते 110 दिवसांत निघते, कारण हलक्या रानातली ओल त्यापुढे टिकत नाही. वाण ठरवताना ओलीचा हिशेब केला जातो तो असा.

विषाचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेता येत नाही, जनावरं खरोखर दगावतात. पण ती कडब्याने नाही, हायब्रीडने तर नाहीच. कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचं द्रव्य असतं. जनावराने ती खाल्ली की पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. याला आपल्याकडे ‘किरळ लागणे’ म्हणतात, आणि हा शब्द हायब्रीडच्या आधीचा आहे. माझ्या आजोबांना तो ठाऊक होता, सीएसएच 1 नव्हता. गावरान ज्वारीतही धुरीन असतंच. धोका वाढतो तो पावसाने ताण दिलेल्या गुडघाभर पिकात आणि कापणीनंतर फुटलेल्या हिरव्या फुटव्यांत. पीक निम्मं फुलोऱ्यात येईपर्यंत हिरवं घालू नये, एवढं पाळलं तर बहुतेक अनर्थ टळतो. नीट वाळलेल्या कडब्यातून ते आम्ल बरंचसं उडून जातं. जनावर धापा टाकू लागलं, तोंडाला फेस आला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून द्यावं लागतं आणि हातात मिनिटं असतात. यात संशोधनाचा भाग असा की खास हिरव्या चाऱ्यासाठी जे वाण काढतात, त्यांत हे द्रव्य कमी असावं म्हणून निवड केली जाते. फॉरवर्ड वाचून एखाद्याने गावरान आहे म्हणून कोवळी ज्वारी बिनधास्त घातली, तर जनावर त्या मजकुरामुळे जाईल.

आता ‘साधं गणित’: दाणा वाढला की कडब्याचा कस जातो. ऐकायला पटतं. ताटात एवढंच आहे, एकाला जास्त वाढलं की दुसऱ्याला कमी. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था 1972 पासून आहे. त्याच आवारात आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेचे लोक वैरणीवर काम करतात. 2004-05 मध्ये त्यांनी हैदराबादच्या वैरण बाजारात जाऊन पाहिलं. शहरातल्या म्हशींसाठी ज्वारीचा कडबा तिथे ट्रकने येतो. व्यापारी कडब्याचे सहा प्रकार ओळखायचे आणि प्रत्येकाला वेगळा भाव. प्रयोगशाळेत त्यांची पचनीयता मोजली तर सगळ्यात खालचा साधारण 47 टक्के आणि सगळ्यात वरचा 52 टक्के निघाला. फरक फक्त पाच टक्क्यांचा, पण भावात फरक पंचवीस टक्क्यांचा. प्रयोगशाळेतलं यंत्र जे सांगत होतं, ते व्यापारी पान, चकाकी आणि धाटाची गोडी पाहून आधीच सांगत होता. आपल्याकडे बाजारात पेंढी घेताना म्हातारी माणसं धाट मोडून चावून बघतात, ते उगीच नाही.

पाच टक्क्यांनी एवढा फरक का पडतो? कडब्यात प्रथिनं साधारण चारेक टक्के. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातल्या जिवाणूंना नीट काम करायला सात टक्के तरी लागतात. म्हणजे कडबा मुळातच काठावरची वैरण आहे. तिथे पचनीयता थोडी जरी सुधारली, तरी जनावर खातंही जास्त आणि खाल्लेलं अंगीही लागतं. दोन्ही फायदे एकदम.

मग हीच मोजमापं नव्या वाणांवर करून बघितली गेली. हैदराबादच्या ज्वारी संशोधन केंद्राने चाचणीतल्या वाणांचा कडबा पाटणचेरूला तपासायला दिला. वाणावाणांत पचनीयतेचा मोठा फरक निघाला, पण दाणा जास्त म्हणून कस कमी असं ठाम नातं काही दिसलं नाही. भरपूर दाणा आणि चांगला कडबा एकाच झाडात असलेले वाण सापडले. एकाचं वाढलं की दुसऱ्याचं घटलंच पाहिजे, हा फॉरवर्डचा पाया इथे खचतो.

याचं कारण रब्बीच्या रानातच आहे. ही ज्वारी पावसावर येत नाही, काळ्या मातीत साठलेल्या ओलीवर येते. दाणा भरायच्या वेळी ओल संपली की झाड आपल्या धाटातली साखर दाण्याकडे ओढतं. पोकळ झालेल्या धाटात बुरशी शिरते, ताट आतून सडतं आणि वाऱ्याने मोडून लोळतं. यालाच आपण खडखड्या म्हणतो. त्यात दाणाही चिपाड आणि कडबाही वाया. म्हणजे दुष्काळात दोघांचा शत्रू एकच आहे. त्यावर शोधलेला गुण म्हणजे दाणा भरेपर्यंत पानं हिरवी राहणं. इथिओपियातल्या ज्वारीच्या वंशातून आलेल्या ‘बी 35’ या वाणात तो पक्का सापडला, आणि तो आपल्याकडच्या वाणांत उतरवण्याचं काम पाटणचेरूला बरीच वर्षं चाललं. अशी ज्वारी सुरुवातीला पानांचा पसारा आवरता ठेवते, त्यामुळे फुलोऱ्यापर्यंत पाणी बेताने खर्च होतं आणि दाणा भरायला ओल उरते. ज्या वाणांत हा गुण नीट बसला, त्यांतल्या काहींच्या कडब्याची पचनीयताही वाढली. सगळ्यांत नाही. कोणत्या वाणात घातला यावर बरंच अवलंबून असतं, आणि जादूची कांडी म्हणून कुणी तो विकत असेल तर त्यालाही नाही म्हणा.

घरचं बियाणं वापरा, हे बरोबर आहे. फक्त त्यासाठी संशोधनाला शिव्या द्यायची गरज नाही. मालदांडी, फुले, परभणी हे सगळे सरळ वाण आहेत आणि ज्वारी बहुतांशी स्वतःच्याच परागावर पिकते, तेव्हा चांगली कणसं निवडून दोन-तीन वर्षं बी धरता येतं. पेरताना किलोला 4 ग्रॅम 300 मेश गंधक चोळा, काणी हा बुरशीरोग येणार नाही. हायब्रीडचं बी मात्र धरू नका.

राहिलं ‘म्हणून ज्वारी संपली’. 1960 च्या दशकात देशात सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टरवर ज्वारी होती, आता ती 40 लाखांच्या आसपास आली आहे. पण ती हटवली कोणी? खरिपात सोयाबीनने. पाणी आलं तिथे उसाने. आणि ताटात रेशनच्या गहू-तांदळाने. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य 1 रुपया किलो असं लिहिलं होतं. त्या एक रुपयाच्या ज्वारीची पिशवी रेशन दुकानातून किती जणांनी घरी आणली, हे आपापल्या गावात विचारून बघा. चारा छावण्यांत जनावरांपुढे कडब्याऐवजी ऊस पडतो, तोही याच बदलाचा भाग.

आणि एक कारण त्या मजकुरात नावालाही नाही. रब्बीची ज्वारी अजून हाताने उपटून काढतात. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात, करवतीसारख्या पानांतून, डोक्याहून उंच ताट मुळासकट. मग पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, बुचाड रचायचं. उक्तं द्यायचं म्हटलं तर टोळी मिळत नाही, मिळाली तर मजुरीत दाण्याचा पैसा जातो. मोठा हार्वेस्टर घातला तर दाणा निघतो, पण कडब्याचा चुरा होऊन रानात पसरतो, म्हणजे अर्धं पीक गेलं. ताट अखंड ठेवून काढणारं, लहान शेतकऱ्याला परवडणारं यंत्र गावोगाव का पोहोचलं नाही, हे कृषी विद्यापीठांना खडसावून विचारायला हवं. मामांनाही मी फोनवर हेच म्हणालो. ते म्हणाले, ‘तेवढं लिहून पाठव, मी पुढे पाठवतो.’