अकराव्या वचनाच्या आधी

डिसेंबर संपत आला की महाराष्ट्रातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाद दरवर्षी नव्यानं उभा राहतो आणि फोनवरून माझ्यापर्यंत इंग्लंडात पोचतो. एकतीस तारखेच्या रात्रीच्या उपासनेत बायबलमधल्या ओळी छापलेली कार्डं ठेवलेली असतात. प्रार्थना करायची, एक कार्ड उचलायचं आणि जी ओळ निघेल ती ‘यंदाचं वचन’ म्हणून वर्षभर उराशी धरायची. तरुणसंघातल्या बऱ्याच जणांना हे चिठ्ठी काढून भविष्य बघण्यासारखं वाटतं. वडीलधारी माणसं म्हणतात, येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी माणूस निवडताना प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनीसुद्धा चिठ्ठ्या टाकल्या होत्या, मग आमचंच काय चुकलं? त्यात अलीकडे काही ठिकाणी व्यासपीठावरून अख्ख्या मंडळीसाठी वर्षाचं घोषवाक्य जाहीर होऊ लागलं आहे: हे वर्ष वाढीचं, हे वर्ष दुप्पट आशीर्वादाचं. त्यावर वेगळी खडाजंगी.

मी कार्डाच्या विरोधात नाही. आजारपणात उशीखाली ठेवलेल्या एका ओळीवर माणसं महिनोन्‌महिने तग धरतात, हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्याची टिंगल मला सहन होत नाही. पण हा वाद चुकीच्या जागी अडकला आहे असं मला मनापासून वाटतं. वचन आपल्यापर्यंत कसं आलं यावर आपण तावातावानं बोलतो. त्या वचनाकडून आपल्याला काय हवं आहे, हे कुणी विचारत नाही. बहुतेक वेळा हवं असतं ते एवढंच, की येतं वर्ष आपल्याला काहीतरी देऊन जाईल. आत्मिक वाढीची सुरुवात मात्र आपण त्या वर्षात काय द्यायला तयार आहोत, इथून होते.

सगळ्यांच्या लाडक्या वचनाचंच उदाहरण घेते. यिर्मया एकोणतीस, अकरा, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं देव तिथे म्हणतो. हे कार्ड निघालं की चेहरा उजळतो. पण ती ओळ एका पत्रातली आहे, आणि ते पत्र बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमातून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे. अकराव्या वचनाच्या आधी यिर्मया त्यांना सांगतो: घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांचं फळ खा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. दहाव्या वचनात मुदतही दिली आहे, सत्तर वर्षं. म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तरीही संकल्प हिताचेच होते.

त्याच्या अलीकडच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. त्यानं मंदिरात सर्वांसमक्ष सांगितलं की दोन वर्षांच्या आत सगळं परत मिळेल, आणि बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं जू काढून मोडून टाकलं. ऐकणाऱ्यांना तो किती आवडला असेल! व्यासपीठावरून जाहीर होणारी वर्षाची घोषवाक्यं ऐकली की मला हनन्या आठवतो. हे कडक वाटेल, पण ‘याच वर्षी’ असं देवाच्या नावानं सांगणाऱ्यानं ते दोन अध्याय एकदा सलग वाचावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

परदेशात राहायला लागल्यापासून ते पत्र मला वेगळं लागतं. आम्हांला कुणी धरून आणलेलं नाही. पोटापाण्यासाठी आपल्या पायांनी आलो, त्यामुळे बंदिवानांशी बरोबरी करणं बरं नव्हे. पण परक्या नगरासाठी प्रार्थना करायची म्हणजे काय, हे इथे कळतं. महाराष्ट्रात मी ज्यांच्यासाठी प्रार्थना करत असे ती सगळी माझीच माणसं होती. इथे शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याचं दुखणं, पलीकडच्या रस्त्यावर बंद पडलेली शाळा, ज्यांची भाषाही मला येत नाही असे निर्वासित, ही नावं प्रार्थनेत यायला वेळ लागला. मनातून ‘हे माझं गाव नाही’ हे वाक्य हलावं लागतं. माझ्या मते तीही आत्मिक वाढच, आणि ती कुठल्याही कार्डावर छापलेली नसते.

दुसरी गोष्ट, इथे कुणी विचारत नाही. मायदेशी एक रविवार चुकला तर संध्याकाळपर्यंत दोनतीन फोन येतात, महिला मंडळातली एखादी काकू दारात उभी राहते, पाळकसाहेब आठवड्याभरात घरी येतात. इथे सहा महिने चर्चला गेला नाहीत तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. इंग्लंड आणि वेल्सच्या २०११च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ५९.३ टक्के होते, २०२१मध्ये ४६.२ टक्के उरले. त्यातही रविवारी बाकावर दिसणारे थोडेच. अशा ठिकाणी आल्यावर कळतं की आपल्या विश्वासाचा किती भार इतरांनी उचललेला होता. इथे राहणारे काही मराठी ख्रिस्ती यावरून निष्कर्ष काढतात की मायदेशातला विश्वास नुसता सवयीचा आणि इथला खरा. मला ते पटत नाही. कफर्णहूमात पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी खाटेसकट छपरातून खाली सोडलं, आणि येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं येशूचं चरित्र सांगणारा मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो. उचलून नेलं जाणं ही कमीपणाची गोष्ट नाही. एकट्यानं टिकवलेला विश्वास कणखर होतो हे खरं, पण पुष्कळदा तो कोरडाही होतो. नाव घेऊन, मोठ्यानं, एकमेकांसाठी प्रार्थना करण्याची जी सवय आपल्या मंडळ्यांमध्ये आहे, ती इथल्या शांत, नेटक्या उपासनेत मला फार कमी दिसते. ती उणीव मला रोज जाणवते.

इंग्लंडात एकटीनं विश्वासाशी झगडणारी मराठी स्त्री म्हटलं की पंडिता रमाबाई डोळ्यांसमोर येतात. त्या १८८३मध्ये इथे आल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेजला लेक मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या ज्या सिस्टर्सनी, म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती स्त्रियांनी, त्यांना आसरा दिला त्यांच्याशीही त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. केवळ चर्च सांगतं म्हणून एखादी गोष्ट मानायला त्यांची सदसद्विवेकबुद्धी तयार नव्हती. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, परत आल्या, १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. आणि मग त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळालेला नाही. काम जोरात चाललेलं, नाव झालेलं, विधवांना आसरा मिळत असलेला, आणि तेव्हा हे उमगलं! आपल्यापैकी किती जण मंडळीच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले असताना स्वतःला असा प्रश्न विचारतील? रमाबाई तिथेही थांबल्या नाहीत. मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणण्याचं काम त्या १९२२मध्ये मृत्यू येईपर्यंत करत होत्या. वाढ ही बाप्तिस्म्याच्या किंवा दृढीकरणाच्या (तोच विश्वास मोठेपणी जाहीरपणे कबूल करण्याच्या) दिवशी पूर्ण होऊन उरलेलं आयुष्य सांभाळून ठेवायची वस्तू नाही, हे मला त्यांच्याइतकं स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही.

आता इथली एक गोष्ट, जी मला मायदेशी न्यावीशी वाटते. मेथडिस्ट परंपरेत वर्षाच्या आरंभी, बहुतेक जानेवारीच्या पहिल्या रविवारी, कराराची, म्हणजे स्वतःला नव्यानं देवाच्या स्वाधीन करण्याची, उपासना होते. या परंपरेचा प्रवर्तक जॉन वेस्ली यानं ती पहिल्यांदा घेतली ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये. रिचर्ड अलीन या प्युरिटन (कडक शुद्धाचरणाचा आग्रह धरणाऱ्या इंग्लिश पंथातल्या) पाळकाचे शब्द त्यानं वापरले आणि सुमारे अठराशे माणसं संमती देण्यासाठी उभी राहिली, असं तो रोजनिशीत लिहितो. आज म्हटली जाणारी प्रार्थना त्याच कुळातली. तिचा आशय असा: मी आता माझा नाही, तुझा आहे. तुला हवं त्या कामाला मला लाव, तुला हव्या त्या माणसांबरोबर बसव. तुझ्यासाठी कामी घे किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव. भरलेला असू दे, रिकामा असू दे. वर्षाकडून काही मागणं त्यात नाहीच.

एका वर्षी माझ्या पुढच्या बाकावर एक निवृत्त परिचारिका बसल्या होत्या. मोठ्या अक्षरांत छापलेला कागद त्यांनी नाकाजवळ धरला होता, कारण नजर अधू होत चालली होती. सगळे एका सुरात प्रार्थना म्हणत होते. ‘बाजूला ठेव’ ही ओळ आली आणि त्यांनी कागद खाली घेतला, ओठ मिटले. पुढच्या दोन ओळी त्या गप्प होत्या. मग कागद वर आला आणि शेवटच्या आमेनपर्यंत त्या म्हणत राहिल्या. नंतर कॉफीच्या वेळी मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, की डोळ्यांमुळे रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणं यंदा सोडावं लागणार आहे, आणि ती ओळ आज त्यांना खरेपणानं म्हणता आली नसती. पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या. देवासमोर न पटलेलं वाक्य न म्हणणं, आणि तरी उठून निघून न जाणं, यातली प्रगल्भता मला कित्येक प्रवचनांत सापडलेली नाही.

वर्षभरात बायबल वाचून काढण्याच्या संकल्पाबद्दलही घरून विचारणा होते. १,१८९ अध्याय, म्हणजे दिवसाला तीनाहून थोडे जास्त. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. पण लेवीय या नियमांनी भरलेल्या पुस्तकात अडकून फेब्रुवारीत सोडून देण्यापेक्षा मार्कचे सोळा अध्याय वर्षभर पुन्हा पुन्हा वाचलेले बरे. यावर मला याहून जास्त बोलायचं नाही.

बोलायचं आहे ते एका अवघड वाक्याबद्दल. वेदीपाशी अर्पण आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर, असं येशू मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगतो. परदेशात राहणाऱ्याला हे टाळणं फार सोपं असतं. भांडण मायदेशी, आपण इकडे. मधला समुद्र सगळं झाकून टाकतो. सणाला शुभेच्छा पाठवल्या की नातं चालू आहे असं वाटतं. आणि मायदेशी एकाच मंडळीतले दोन भाऊ वेगवेगळ्या रांगेत बसून वर्षानुवर्षं एकाच प्याल्याचं प्रभुभोजन घेतात, तिथेही कुणी काही बोलत नाही. वचनाचं कार्ड काढणं योग्य की अयोग्य यावर आपण जेवढा वेळ घालवतो, त्यातला थोडा या वाक्यावर घालवला तर नववर्षाच्या उपासनेचं रूप बदलेल. लूकच्या तेराव्या अध्यायातलं अंजिराचं झाड तीन वर्षं फळ देत नाही, तेव्हा माळी मालकाला विनवतो, एवढं वर्ष राहू द्या, मी सभोवार खणून खत घालतो. मुळांशी खणणं झाडाला सुखाचं नसतं. जास्तीच्या वर्षाची तीच अट आहे.

या डिसेंबरात मी कराराच्या प्रार्थनेचा मराठी मसुदा आमच्या मंडळीच्या पाळकांना पाठवला. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी ती घ्यावी, कार्डं हवीत तर ठेवावीत, पण त्या दिवशी यिर्मयाचं पूर्ण पत्र मोठ्यानं वाचावं, असं सुचवलं. तरुणसंघातल्या एका मुलानं मसुदा वाचून मला फोन केला. म्हणाला, “मावशी, तुम्ही नोकरीत आहात, परदेशात आहात. ‘बाजूला ठेव’ म्हणणं तुम्हांला परवडतं. मला तर शिक्षण संपल्यापासून सगळ्यांनी बाजूलाच ठेवलंय.”

त्याचं म्हणणं खरं आहे, आणि त्यानं माझा मसुदा बदलला. ही प्रार्थना एकट्यानं म्हणायची नाहीच. सगळ्यांनी उभं राहून म्हणायची आहे. ज्यांनी ‘कामी घे’ म्हटलं त्यांच्यावर बाजूला पडलेल्यांची जबाबदारी येते. म्हणून मी पाळकांना एक भर सुचवली: प्रार्थनेआधी कामधंद्याविना असलेल्यांची, अंथरुणावर असलेल्यांची, मंडळीत येणं सोडलेल्यांची नावं वाचावीत, आणि प्रत्येक नावापुढे कोण भेटायला जाणार तेही. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली, की बेकार मुलांची नावं सगळ्यांसमोर वाचली तर त्यांना लाज वाटेल. हरकत रास्त होती. मग असं ठरलं की ज्याचं नाव घ्यायचं त्याला आधी घरी जाऊन विचारायचं. त्या मुलाला विचारायचं काम पाळकांनी हरकत घेणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांकडेच दिलं आहे, आणि ते येत्या शनिवारी त्याच्याकडे जाणार आहेत.