घरकुलात कापूस कुठं ठेवायचा?

घरकुलाची यादी लागली की गावात आठ दिवस दुसरा विषय नसतो. कोणाचं नाव आलं, कोणाचं कटलं, कोणाचा पहिला हप्ता पडला. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला विचारायचंय ते एवढंच, की त्या घरकुलात कापूस कुठं ठेवायचा? हसू नका, यवतमाळ-वर्ध्याकडं हा घरातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरलंय, स्वयंपाकाची जागा धरून. म्हणजे २६९ चौरस फूट. मदत सपाट भागात १ लाख २० हजार. रेतीचे भाव आणि मिस्त्रीची मजुरी पाहता जे किमान आहे तेच कमाल होऊन बसतं. नवराबायको, दोन पोरं, म्हातारी, एवढी माणसं त्यात दाटीवाटीनं मावतात. पण ऑक्टोबर आला की सोयाबीनचे कट्टे येतात, मागून कापसाचा पहिला वेचा, आणि मग घर आमचं राहत नाही. आतल्या खोलीत कापूस पार वरपर्यंत चढतो. अंगाला खाज सुटते, पोरांच्या मानेवर लाल चट्टे उठतात. आमच्या शेजारच्या काकूंना मी म्हटलं, आत जागाच नाही, झोपता कुठं? त्या म्हणाल्या, "पोट्टे सपरीत झोपतीन बापा, पन कापूस कुठी निजवू?" सपरी म्हणजे आमच्याकडची पडवी.

छपराची खरी किंमत इथं कळते. कोरडं छप्पर असलेला माणूस कापूस घेऊन फेब्रुवारीपर्यंत दम धरू शकतो. ज्याच्या घरी गळतं तो दिवाळीच्या तोंडावर खेडा खरेदीवाल्याच्या, म्हणजे गावातच कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या, काट्यावर उभा असतो, आणि तो म्हणेल तो भाव घेतो. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. हमीभाव मिळवायला सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कॉटन कॉर्पोरेशनच्या, केंद्रावर जावं लागतं आणि तिथं १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर गाडीवरच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो आणि तळातून मूठभर कापूस ओढून काढतो. वरचा पांढराशुभ्र कापूस तो पाहतही नाही. घरी एका फुटक्या कवेलूतून, म्हणजे कौलातून, रात्रभर टिपटिप पडलेलं पाणी नेमकं त्या मुठीत सापडतं. पिवळसर, दमट, वास मारणारं.

सोयाबीनला निदान एक वाट आहे. बाजार समितीत शेतमाल तारण योजनेत माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा महिने, ६ टक्के व्याजानं. योजना चांगली आहे, पण दहा कट्ट्यांसाठी गाडी करून तालुक्याला कोण जाणार हा भाग वेगळा. कापूस मात्र घरातच.

आता कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, जुनी कवेलूची घरं किती छान होती. होती की! देशी कवेलू एकमेकांवर चढवलेली, मधल्या फटींतून गरम हवा वर निघून जायची. मे महिन्यात पारा ४५-४६ वर असताना दुपारी त्या घरात डोळा लागायचा. सेवाग्रामला बापू कुटीत भर उन्हात जाऊन बसा, मी काय म्हणतो ते कळेल. पण ते छप्पर दरवर्षी मृगाच्या आधी फेरावं लागायचं, हे रिसॉर्टात कवेलू पाहून हळहळणाऱ्यांना ठाऊक नसतं. माणूस छपराच्या लाकडी बल्ल्यांवर नेमका पाय ठेवत वर चढायचा, एकेक कवेलू उतरवून झाडायचा, फुटकं बाजूला काढून पुन्हा ओळ लावायचा. आता फेरणारा मिळत नाही, कुंभारानं कवेलू करणं सोडलं, आणि वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की सगळी मेहनत पाण्यात. लोकांनी टिनं हौसेनं टाकलेली नाहीत.

टिनाखाली दुपारी बसवत नाही. स्लॅब दिवसभर तापते आणि रात्री ती धग खाली सोडते. तरीही सोयरीक जमवताना मुलीकडचे आधी वर पाहतात, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही. आपली पोरगी पावसात घमेली मांडत बसावी असं कोणत्या बापाला वाटेल?

वादळाचंही सांगतो. एप्रिल-मेच्या वावटळीत टिनं उडतात, वर ठेवलेले दगडही अंगणात येऊन पडतात. मग पंचनामा. कच्च्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली तर ४,००० रुपये. भाव वाढेल म्हणून तोवर राखून ठेवलेला कापूस खाली भिजला असेल, तर त्याला त्या कागदात रकाना नाही. घर म्हणजे भिंती आणि छप्पर, एवढंच सरकारदरबारी मोजतात.

कांद्याला साठवणुकीच्या चाळीसाठी अनुदान आहे. असावंच, नाशिककडच्या शेतकऱ्यांनी ते भांडून मिळवलंय असं मी समजतो. गोठ्यालाही अनुदान आहे. मग चार एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरकुलाला लागून शंभर-दीडशे चौरस फुटांचं एक शेड द्यायला काय हरकत आहे? जमिनीपासून दोन फूट उंच ओटा, वर घट्ट बोल्ट मारलेली टिनं, खालून-वरून हवा खेळेल एवढी जाळी. फार मोठं मागणं नाही. पण आमचे पुढारी कापसावर बोलतात ते फक्त भावाबद्दल. तो भाव मिळेपर्यंत माल कोरडा कुठं राहणार, हे मी एकाही भाषणात ऐकलेलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी देणार आहे. तुमच्या गावात कोणी असं शेड बांधलं असेल तर फोटो टाका, खर्च किती आला तेही सांगा. आणि ज्यांचा कापूस अजून पन्नीखाली आहे त्यांनी उद्या-परवा ढगांकडे लक्ष ठेवा.