तिथी, तंगूस आणि बिऱ्हाड

घरच्यांना घेऊन जिताडा गरवायला (गळानं पकडायला) जायचं म्हटलं की पहिला घोळ रविवार घालतो. मासा तिथीवर चालतो, बिऱ्हाड सुट्टीवर.

तिथीची पाऊणपट केली की आपल्या किनाऱ्यावरची भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. रोज ती साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे या रविवारी पहाटे ६ला भरती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी खाडीत चिखल आणि निवट्या (चिखलातले छोटे मासे). आमच्याकडे मात्र "मग पुढच्या रविवारी जाऊ की" हे वाक्य चहाबरोबर येतं. अष्टमी रविवारी आली तरी उपयोग कमीच. भांग (उधाणाच्या उलट, कमी चढउताराची भरती) असतो, पाण्याला ओढ नसते. जिताडा दबा धरणारा मासा. पाण्यानं कोळंबी समोर आणून दिली तरच खांबाआडून हलतो. (या बाबतीत तो आमच्या थोरल्यासारखा.)

मुलांना फ्लेमिंगोही हवे असतात. त्यांना चरायला ओहोटीचा चिखल लागतो, आम्हाला चढतं पाणी. शिवाय ऐरोलीकडे २०१५ पासून अभयारण्य आहे. तिथे दुर्बीण न्यावी, गळ नव्हे.

म्हणून नवी मुंबईत बेलापूरला, दिवाळे जेट्टीच्या बाजूला. भरतीच्या दोन तास आधी पोचायचं, म्हणजे घरी एक तास आधीची खोटी वेळ सांगायची. जाड तंगुसात (गळाच्या नायलॉन दोरीत) ४० ग्रॅमचं सरकतं शिसं, खाली स्विव्हल (फिरती कडी), त्याला हातभर आणखी जाड तंगूस आणि ४/० नंबरचा गळ. शिसं सरकतं हवं, नाहीतर माशाला वजन जाणवतं आणि तो आमिष थुंकतो. कोळंबी जिवंत हवी. गळ तिच्या डोक्यावरच्या काट्याखालून घालायचा, पण आत दिसणारा काळा ठिपका टाळून. तो टोचला की ती तिथेच मेली. धाकटीनं बादलीतल्या कोळंब्यांना नावं दिली की हे काम आणखी अवघड होतं.

दोन रॉडमध्ये दहा फूट हवेत. कुटुंब मात्र फोटोला उभं राहिल्यासारखं चिकटून बसतं. मग चार तंगूस एकत्र येऊन जो गुंता होतो तो सोडवायचा नसतो, कापायचा असतो. आमचे बाबा सोडवतात. भरती निघून जाते.

मधल्या वेळात शिंगाळा लागतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा, तिन्ही विषारी. पकडीनं गळ निघाला तर ठीक, नाहीतर तंगूस कापा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवायचा आणि डॉक्टर गाठायचा. चहाचा थर्मास अशा वेळी रिकामाच असतो.

जिताडा लागलाच तर ड्रॅग (रिळाचा ब्रेक) ढिला नको, आवळलेलाही नको. ढिला सोडला तर तो खांबामागे शिरतो आणि तिथली कालवं तंगूस कापतात. वर काढताना कल्ल्यात बोट घालू नये, झाकणाची कड ब्लेडसारखी असते. मोठा जिताडा बहुतेक मादी; हा मासा नर म्हणून वाढतो आणि पुढे मादी होतो. हे घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "अक्कल आल्यावर."

मागच्या खेपेला भरती दुपारी ३ची, पाण्याला बऱ्यापैकी ओढ, सगळे वेळेवर तयार. आईनं कालनिर्णय पुढे धरलं. संकष्टी. "पकडा हवं तर, माझ्या फ्रीजमध्ये नको."

मी म्हटलं, ठीक, पुढच्या रविवारी. तिनं बोटानं सात घरं मोजली.

"एकादशी."