नव्या अवर महासचिवांना चार हिताच्या गोष्टी

सर्वप्रथम अभिनंदन! न्यूयॉर्कला नदीकाठी संयुक्त राष्ट्रांची जी एकोणचाळीस मजली काचेची इमारत आहे, तिच्यात तुम्हाला खोली मिळाली. अवर महासचिव म्हणजे महासचिवांच्या हाताखालचा बडा अधिकारी, काही साधं पद नव्हे. पहिल्याच आठवड्यात तुमच्या टेबलावर एक जडशीळ शब्द येऊन पडेल: उत्तरदायित्व. घाबरून जाऊ नका. तो दरवर्षी बळकट करायचा असतो, एवढंच. इतकी वर्षं बळकट होतोय म्हणजे मुळात किती अशक्त असेल, असले प्रश्न मनात आणू नयेत.

सुरुवात सहीने होते. महासचिव आणि वरिष्ठ अधिकारी यांच्यात दरवर्षी करार होतो आणि यंदा काय साधणार ते त्यात लिहून द्यायचं असतं. क्रियापदं जपून निवडा. ‘थांबवीन’, ‘निम्म्यावर आणीन’ ही धोक्याची. ‘चालना देईन’, ‘पाठबळ देईन’, ‘समन्वय साधीन’ ही निर्धोक. समन्वय साधला गेला नाही, हे कोण कसं सिद्ध करणार? साधला गेला की नेमकं काय होतं, हेच जिथे कुणाला ठाऊक नाही!

व्याख्येचीही काळजी नको, ती तयार आहे. आमसभेने २०१० साली ठरावच केला: सचिवालय आणि त्यातले कर्मचारी आपल्या सगळ्या निर्णयांना आणि कृतींना उत्तरदायी राहतील, दिलेली वचनं विनाअट, विनाअपवाद पाळतील. चौकटीत बसवून भिंतीवर लावा. पाहुण्यांना आवडतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात हैतीमध्ये जे घडलं, ते मात्र मन लावून वाचा. पुढच्या सगळ्या नोकरीला पुरेल इतकं शिक्षण त्यात आहे. मीरबाले गावाजवळ संयुक्त राष्ट्रांच्याच शांतिसेनेचा तळ होता, नेपाळहून आलेल्या तुकडीचा. शौचालयांचे पाइप कसेबसे जोडलेले. मैला उघड्या खड्ड्यात ओतायचे. खड्ड्याला कुंपण नाही, जोराचा पाऊस आला की भरून वाहायची भीती. जवळच ओढा. हा ओढा पुढे आर्तिबोनीत नदीला मिळतो आणि त्या नदीचं पाणी लोक पितात, तिथेच कपडे धुतात, त्यावरच भात पिकवतात. ज्या देशात शंभरएक वर्षांत कॉलऱ्याची नोंद नव्हती, तिथे आठ लाखांवर माणसं आजारी पडली आणि दहा हजारांच्या आसपास मेली.

महासचिवांनी तज्ज्ञांची समिती नेमली. तिने पाइप पाहिले, खड्डा पाहिला, जंतू दक्षिण आशियातल्या जातीचे आहेत हेही सांगितलं. आणि २०११ साली निष्कर्ष दिला: ही साथ ‘परिस्थितींच्या संगमातून’ उद्भवली, दोष कोणाही व्यक्तीचा किंवा गटाचा नाही. संगम! किती पवित्र शब्द शोधला बघा. आपल्याकडे संगमावर अस्थी सोडतात, यांनी जबाबदारी सोडली. पुढे २०१३ साली त्याच तज्ज्ञांनी बोट तळाकडेच वळवलं, पण तोवर संगमावरून बरंच पाणी वाहून गेलं होतं.

त्याच वर्षी पीडितांच्या दाव्याला उत्तर गेलं: भरपाईचा दावा स्वीकारण्याजोगा नाही, कारण त्याचा विचार करायचा तर राजकीय आणि धोरणात्मक बाबी तपासाव्या लागतील. आधार संयुक्त राष्ट्रांच्या विशेषाधिकारांबद्दलच्या १९४६ च्या कराराचा. मैल्याचा खड्डा ही धोरणात्मक बाब आहे, हे ज्याला सुचलं त्याला बढती मिळाली की नाही कोण जाणे, मिळायला हवी होती. माफी आली डिसेंबर २०१६ मध्ये, तेव्हाचे महासचिव बान की-मून यांच्या निरोपाच्या महिन्यात. साथीबाबत आणि तिच्या फैलावाबत आम्ही पुरेसं केलं नाही, असं ते म्हणाले. ‘पुरेसं’ हा शब्द पाठ करून ठेवा. साथ आणली कोणी, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. सोबत ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, पैसे ज्याने त्याने स्वखुशीने द्यायचे. काही वर्षांनीही जमलेली रक्कम त्याच्या दहाव्या हिश्शाला पोचली नव्हती.

इथे शाळेतलं मराठी व्याकरण कामाला येतं. ‘रामाने रावणाला मारले’ हा भावे प्रयोग, आठवतोय ना? क्रियापद रामालाही जुमानत नाही आणि रावणालाही. तुम्हाला याच्या एक पायरी पुढे जायचंय: ‘रावण मेला.’ तुमच्या वाक्यात राम नसला की झालं. ‘चुका झाल्या’ हे तर आदर्श वाक्य. कर्ता कोण? चुका. त्यांच्या त्या झाल्या, आपण काय करणार?

एखादा मात्र निघतोच ज्याला हे व्याकरण येत नाही. जिनिव्हाच्या मानवाधिकार कार्यालयात अँडर्स कॉम्पास नावाचे संचालक होते. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात फ्रेंच सैनिकांनी लहान मुलांवर अत्याचार केल्याच्या जबान्या २०१४ मध्ये त्यांच्या हातात आल्या आणि त्यांनी त्या सरळ फ्रेंच सरकारकडे दिल्या. २०१५ मध्ये निलंबित कोण झालं? कॉम्पास. चौकशीत निर्दोष सुटले आणि काही महिन्यांत स्वतःच राजीनामा देऊन गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणाल तुम्ही. पण हे कागद या टेबलावरून त्या टेबलावर, या इनबॉक्समधून त्या इनबॉक्समध्ये फिरत राहिले आणि जबाबदारी घ्यायला कोणी तयार नव्हतं, हे कोणा टीकाकाराचं नव्हे, महासचिवांनीच नेमलेल्या स्वतंत्र समितीचं म्हणणं आहे. तेव्हा कागद हातात आला की काय करायचं ते समजलंच असेल. पुढे ढकला, आणि पाठवताना ‘माहितीसाठी’ एवढंच लिहा.

उत्तरदायित्व कुठे आहे, असं कोणी फारच खोदून विचारलं तर बोट दाखवायला कार्यालयं मुबलक आहेत. अंतर्गत देखरेख कार्यालय १९९४ चं, नीतिमत्ता कार्यालय २००६ चं, नवी न्यायाधिकरणं २००९ ची. लेखापरीक्षक मंडळ वेगळंच, त्यावर २०१४ ते २०२० आपले महालेखापरीक्षकही होते. २०१९ पासून तर उत्तरदायित्वाच्या नावाचा स्वतंत्र विभागच आहे. फाइल तिकडे पाठवली की तुमच्याकडचं उत्तरदायित्व संपलं.

राहता राहिला अहवाल. २०२५ च्या सुधारणा मोहिमेत मोजदाद झाली: वर्षभरात २७,००० बैठका, १,१०० अहवाल, आणि दर पाचांतला एक अहवाल हजारदासुद्धा डाउनलोड होत नाही. ही माहितीही अर्थात अहवालातूनच मिळाली. तेव्हा एखादी खरी गोष्ट लिहिल्यावाचून राहवतच नसेल तर खुशाल लिहा, फक्त तिसऱ्या परिशिष्टात. तिथे ती सुखरूप राहील.

चला, कराराची वेळ झाली. सहीला पेन आहे ना? नसेल तर मागवून घ्या. मागणीपत्रावर मात्र सही दुसऱ्या कोणाची तरी घ्या.