चिपळूण डोंगरावर न्यायचं म्हणे!

‘चिपळूण दरवर्षी बुडतं. लोकांनी नदीतच घरं बांधलीत. आपला कर वाहून जातो. एक रुपयाही न देता शहर डोंगरावर हलवा.’ पावसाळा आला की हा मेसेज फिरतो. यंदा तो माझ्या मावशीला सख्ख्या पुतण्याने पाठवला. तिचं दुकान चिपळूणच्या बाजारपेठेत आहे, आणि 2021 ला ते छतापर्यंत पाण्यात होतं. तिने मला फक्त ‘वाच’ एवढंच लिहिलं.

आधी डोंगराचं बघू. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली, खेडमधल्या पोसऱ्यात 17. परशुराम घाटात दरड आली की मुंबई-गोवा महामार्गच अडतो. जुलै 2019 मध्ये तिवरे धरण फुटलं, तेही चिपळूण तालुक्यातच, आणि तिथे वाहून गेलेली वाडी सह्याद्रीच्या पायथ्याची होती. मग शहर न्यायचं कुठल्या डोंगरावर? नकाशावर बोट ठेवून गावाचं नाव सांगा. तिथली जमीन कोणाची, पाणी कुठून येणार, बाजाराला गिऱ्हाईक कसं पोचणार, हेही सांगा. पुराला भिऊन माणसं दरडीखाली न्यायची, याला नियोजन म्हणतात होय?

कराचं ऐका. 2021 च्या आपत्तीनंतर राज्याने 11,500 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, पण ते सगळ्या पूरग्रस्त जिल्ह्यांसाठी. त्यात थेट मदतीचे 1,500 कोटी. 7,000 कोटी पुढची संकटं रोखायच्या कामांसाठी. घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला 10 हजार, दुकानदाराला फार तर 50 हजार. एवढ्यात दुकानातला चिखलही नीट निघत नाही. आणि हिशेबच काढायचा तर पुरता काढा: सह्याद्रीपलीकडच्या कोयना धरणाचं पाणी बोगद्यांतून वीज करून सुटतं, ते अवजल चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतच येतं. कृष्णा पाणीवाटप लवादाने त्यासाठी वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवायची मुभा दिली आहे. पूर कोयनेमुळेच आला, असं मी म्हणत नाही. त्या दिवशी महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला होता आणि खाडीला भरतीही होती. पण वीज राज्याने वापरायची आणि नदीचा गाळ काढायची वेळ आली की कर आठवायचा, हे बरं आहे!

‘दरवर्षी बुडतं’ ही थाप. सखल भागात पाणी भरतं, पण 2021 सारखा पूर त्याआधी 2005 ला आला होता.

नदीत बांधकामं आहेत, हे मात्र नाइलाजाने मान्य. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे नदीलगतच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात, मजले चढले, परवानग्याही मिळाल्या. तिथे नव्याने बांधायला सरकारी पैसा देऊ नका, माझी हरकत नाही. पण जुनी पेठ गोवळकोट बंदराच्या व्यापारावर उभी राहिली, ती नदीकाठी नसती तर कुठे असती? आणि वाशिष्ठी-शिवनदीचा गाळ काढा म्हणून याच चिपळूणकरांनी साखळी उपोषण केलं, तेव्हा यंत्रं हलली. तो खर्च दर काही वर्षांनी करावाच लागेल.