कॅमेरा चौकशीच्या खोलीतच हवा
पोलीस चौकशीचं रेकॉर्डिंग सुरू असलं की आरोपी तोंड उघडत नाहीत, हे लेखातलं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस कायद्यानंतर चौकशी टेप होऊ लागली, म्हणून तिथे तपास काही बंद पडले नाहीत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्येच प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावा, चित्रण १८ महिने जपा, असं बजावलंय. सांगलीत २०१७ साली पोलीस कोठडीत एका तरुणाचा जीव गेला, मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचा आरोप खुद्द पोलिसांवर आला. त्याच्या घरच्यांना काय सांगणार, कॅमेरा बंद होता? आणि प्रामाणिक अधिकाऱ्यालाही खोट्या आरोपातून हेच चित्रण वाचवेल. फक्त ते ठाण्याच्या ताब्यात ठेवू नका, थेट न्यायालयाकडे जाऊ द्या.